आभाळातली भट्टी

खडू मोडला, एवढंच झालं. सोमवारी सकाळी पहिल्या शिफ्टला श्रीपाद कोटिंग रूममधल्या फळ्यावर नेहमीसारखा आकडा लिहीत होता. वर फिल्टरची तरंगलांबी, तिच्याखाली वजाचं चिन्ह आणि त्यापुढे अलाउन्स, म्हणजे तापमानापोटी आधीच धरायची सूट. मागे चिमाजी व्हॅक्यूम पंपाचा पट्टा चाचपत उभा होता. जानेवारीतल्या थंडीत तळवड्याहून सायकल मारत आल्यामुळे त्याच्या कानांना अजून मफलर होता. "सायेब, ह्ये भट्टीचंच हाय न्हवं?" त्याने विचारलं. "भट्टीचंच." "न्हाई म्हनलं, मागं त्या बाईंचं आभाळाचं क्येलं व्हतं, तसलं आसंल तर पंप जरा आदीच चालू करतो." श्रीपाद हसला, वजाचं चिन्ह पुन्हा एकदा गिरवलं आणि तिथेच खडू मोडला. अर्धा तुकडा टेबलाखाली गेला. तो उचलायला वाकलेला श्रीपाद तसाच वाकून राहिला. आभाळाचं केलं होतं तेव्हाही त्याने फळ्यावर वजाच लिहिलं होतं. त्या दिवशी चिमाजीने विचारलं होतं, ह्यो कुटल्या भट्टीचा, आणि श्रीपाद ऐटीत म्हणाला होता, "आभाळातल्या भट्टीचा, चिमाजी." दोघं हसले होते आणि हसता हसता त्याच्या हाताने वजा लिहिलं होतं. नंतर हा विनोद त्याने दहा ठिकाणी सांगितला, सासुरवाडीला तर दोनदा सांगितला.

तसं पाहिलं तर गोष्ट पोराला समजेल इतकी सोपी होती. चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीतला हा छोटा कारखाना काचेवर पातळ थर चढवून फिल्टर बनवी. थरांच्या हिशेबाने एका ठरावीक रंगाचा उजेड तेवढा आत जाई, बाकीचा बाहेर राही. भोसरी-चाकणच्या फाउंड्र्यांत वितळलेल्या लोखंडाचं तापमान लांबून बघायची यंत्रं असतात, त्यांत हे फिल्टर बसत. आता काच तापली की तिची ही रंगाची खिडकी तांबड्याकडे सरकते आणि गारठली की निळ्याकडे सरकते. भट्टीजवळ फिल्टर तापणारच, म्हणून तो मुळातच थोडा निळ्याकडे बनवायचा, म्हणजे तापल्यावर बरोबर जागेवर येतो. म्हणून अलाउन्स वजा. कामाला लागल्यापासून श्रीपाद वजाच लिहीत आला होता, जेवताना उजवा हात पुढे यावा तितक्या सहज. पण चिमाजी म्हणाला त्या बाईंचा, मृदुलाचा, फिल्टर भट्टीजवळ बसायचा नव्हता. तो दक्षिणेकडच्या डोंगरावर, वेधशाळेच्या दुर्बिणीमागे, हिवाळ्यातल्या रात्री बर्फासारखा गार पडायचा होता. तिथे अधिक करायला हवं होतं. त्याने वजा केलं, म्हणजे काचेची खिडकी निळ्याकडे बनवली, आणि थंडीने ती आणखी निळ्याकडे ओढली. मृदुला तिथे मोजत होती त्या दीर्घिका तर आपल्यापासून लांब पळणाऱ्या, त्यांचा उजेड तांबड्याकडे सरकलेला. जी जितकी जोरात पळणारी तितका तिचा उजेड खिडकीबाहेर. श्रीपाद खडूचा तुकडा हातात घेऊन उभा राहिला तेव्हा त्याला हे सगळं एकदम दिसलं. मृदुलाने दोन हिवाळे जे मोजलं ते दीर्घिकांचं नव्हतं, त्याच्या हातच्या काचेचं होतं.

आणि मग भीती वाटायच्या आधी त्याला बरं वाटलं. ही गोष्ट पुढचे दिवस त्याने आतल्या आत इतक्या वेळा उलटीपालटी करून पाहिली, की शेवटी तिला दुसरं कुठलं नाव देता येईना. छातीवरचं काहीतरी हलकं झालं. शाळेत पहिला येणाऱ्या मुलाचं गणित चुकल्याचं कळलं की शेजारच्या बाकावर जसं होतं तसं. ते क्षणभरच होतं असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं, पण ते खोटं होतं. त्यानंतर तो कॅन्टीनमध्ये गेला आणि त्याने दोन बटाटेवडे खाल्ले, चवीने खाल्ले, वर चटणी मागून घेतली. भीती नंतर आली, दुपारी, चहाच्या वेळेला. पण ती वडे खाऊन झाल्यावर आली, हे आता कोण कसं पुसणार?

मृदुला आणि तो एम.एस्सी.ला एका वर्गात होते. दोघांचं वेड एकच, आणि वेधशाळेसाठी दोघांची निवडही एकदमच झाली. डोंगरावर पहिला हिवाळा दोघांनी बरोबर काढला. घुमटातल्या थंडीत मृदुला लोकरी टोपी कपाळापर्यंत ओढून, दुर्बिणीच्या शेपटाशी तासन्‌तास एका पायावर उभी राही आणि सकाळी विचारलं तर म्हणे, काही मिळालं नाही, मजा आली. श्रीपादला मजा येत नसे. काही मिळालं नाही तर त्याला काही मिळालं नाही असंच वाटे. उजेड मोजायचा, तो वर्षभर आकडेमोड करून चाळायचा, आणि वर्षाने कदाचित कळायचं की हवा खराब होती. त्याला संध्याकाळी हात धुताना आज काय झालं ते सांगता यायला हवं होतं. होळीच्या सुमारास तो घरी आला आणि परत गेला नाही. वडिलांचं ब्लडप्रेशर, घरची जबाबदारी, थोरला मुलगा, असं त्याने मृदुलाला लिहिलं. वडिलांचं ब्लडप्रेशर तेव्हा उत्तम होतं, अजून उत्तम आहे. ते रोज सकाळी निगडीहून आकुर्डीच्या देवळापर्यंत चालत जातात, आणि श्रीपादच्या त्यागाची गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या अभिमानाने सांगतात. नातेवाइकांत त्याची गणना फार समंजस मुलांत होते. चिंचवडच्या कोटिंग रूममध्ये त्याला खरोखर सुख मिळालं होतं. काचेच्या घुमटाखाली थर चढत जातो, मीटरचा काटा हळूहळू वर जातो, एका जागी थांबतो आणि मागे वळतो. वळला की चिमाजीने झडप बंद करायची, थर पुरा झाला. एका दिवसात किती वेळा काहीतरी पुरं होई. पण रात्री गच्चीवर गेलं की तो वर बघायचं टाळी. नीलिमाला, त्याच्या बायकोला, लग्नानंतर वर्षभराने कुणा पाहुण्याकडून कळलं की आपल्या नवऱ्याला तारे ओळखता येतात.

मग मृदुलाचं पत्र आलं होतं. परदेशी फिल्टर मागवायचा तर परवान्यालाच दोन वर्षं जातील, तू बनवशील का? श्रीपादने ते पत्र खिशात घालून आठवडाभर हिंडवलं. वसाहतीला गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशीही चिमाजीला बोलावून त्याने चाचणीचे थर चढवले. मालक उद्धवरावांनी आधी कुरकुर केली आणि मग मृदुलाने पाठवलेला दीर्घिकेचा फोटो ऑफिसात आपल्या खुर्चीमागे लावून टाकला. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगत, आमची काच इथपर्यंत पोचते. काचेबरोबर श्रीपादने स्वतःच्या सहीने लिहून दिलं होतं की डोंगरावरच्या थंडीत खिडकी नेमकी कुठे बसेल. मृदुलाने ते प्रमाण मानलं. ती रोज ओळखीच्या ताऱ्यांवर फिल्टर लावून खात्री करून घेई, पण ताऱ्याचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो, खिडकी सरकली तरी तो तेवढाच आत येतो. तिला मोजायची होती ती दीर्घिकांतल्या हायड्रोजनची बारीक तांबडी रेघ तेवढी कापली जाई, आणि ते ओळखायचा तिच्यापाशी दुसरा मार्ग नव्हता. थंडीत काच तपासायचं साधन तिकडे नव्हतं, आणि श्रीपादने दिलेली काच तपासायची असते हे तिच्या मनातही आलं नसेल.

शनिवारीच तिचा कंपनीत फोन आला होता. पुण्यात आली आहे, शुक्रवारी प्रबंध विद्यापीठात द्यायचा आहे, त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, जेवायला येते, तुझी सुट्टीच असेल. "तुझ्या काचेने काय दाखवलंय ते तुला तोंडाने सांगायचंय," असंही ती म्हणाली होती. म्हणजे सोमवारी खडू मोडला तेव्हा पुण्यात ती उतरली होती तिथे, तिच्या मार्गदर्शक सरांच्या घरी, फोन करायला श्रीपादला कुणी अडवलेलं नव्हतं. फोन उद्धवरावांच्या टेबलावर होता. तो दोनदा तिथपर्यंत गेला. पहिल्यांदा उद्धवराव बोलत होते. दुसऱ्यांदा ते नव्हते, खुर्ची रिकामी होती, मागे दीर्घिकेचा फोटो होता, आणि श्रीपादने टेबलावरची पेन्सिल उचलून नीट ठेवली आणि तो परत आला. मंगळवारी त्याने मनाशी युक्तिवाद केला, की फोनवर असं सांगायचं नसतं, समोरासमोर सांगावं. बुधवारी असा, की प्रबंधात चुका असतातच, दहा वर्षांनी कुणीतरी चांगल्या यंत्राने मोजेल आणि दुरुस्त करेल, विज्ञान असंच पुढे जातं. विज्ञानाची त्याला त्या दोन दिवसांत फारच काळजी वाटू लागली होती. बसमधून घरी येताना त्याला वाटलं, आपण सांगितलं तर ती म्हणेल याला माझं बघवलं नाही. आणि तिचं म्हणणं खोटं कसं ठरवणार, वडे तर पोटात गेलेले. बुधवारी संध्याकाळी तो चिंचवड स्टेशनजवळ उतरून श्रीखंड घेऊन आला. नीलिमा म्हणाली, "अहो, पुरणपोळी करतेय ना मी! दोन दोन गोडं कशाला?" तो म्हणाला, "असू दे, लांबून येतेय." शिवाजीनगर ते निगडी, ही काय लांबची वाट!

गुरुवारी वसाहतीतले भोंगे वाजले नाहीत. मृदुला अकराच्या सुमारास आली. केसांत पांढरं दिसू लागलेलं, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि तोच मोठा आवाज. ती पाच मिनिटांत स्वैपाकघरात जाऊन पाटावर बसली आणि नीलिमाशी जुनी ओळख असल्यासारखी बोलू लागली. नीलिमा शाळेत शिकवायची, आज पाहुणीसाठी तिने रजा घेतली होती. प्रश्न ती नीट विचारायची. तारे इतक्या लांबच्या दीर्घिकेत जन्मतात ते मोजता कसे, तिने विचारलं. तारा एकेक करून तर दिसत नसेल. मृदुलाला हेच हवं होतं. "दोरीवर दुपटी वाळत असली की त्या घरात तान्हं आहे हे कळायला आत जावं लागतं का? तसंच. ताऱ्यांमध्ये जे फार मोठे असतात ते फार लवकर मरतात. म्हणजे ते दिसले तर नुकतेच जन्मलेत, हे नक्की. आणि असे ताजे तारे आजूबाजूच्या हायड्रोजनला पेटवतात, तो तांबडा उजेड टाकतो. त्या एकाच तांबड्या रंगात किती उजेड येतो ते मोजलं, बाकी म्हाताऱ्या ताऱ्यांचा त्यात मिसळलेला उजेड वजा केला, की राहतो तो बाळंतिणीच्या खोलीतला दिवा. त्यावरून वर्षाला किती तारे होतात ते निघतं. आणि तो एकच रंग वेगळा काढायची काच यानं दिली." तिने श्रीपादकडे बोट केलं. नीलिमाने नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती लग्नानंतर फार वेळा पाहत नसे. श्रीपादने मृदुलाच्या ताटात तूप वाढलं. नको म्हणत असताना आणखी वाढलं.

"आणि काय निघालं?" नीलिमाने विचारलं. मृदुलाने हातातला घास खाली ठेवला. कन्या राशीच्या दिशेला दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे, सगळ्या आपल्यापासून जवळपास सारख्या अंतरावर, पण त्या समूहात कुणी सावकाश जाते, कुणी सुसाट पळते. "माझ्या बाया," ती त्यांना म्हणायची. तर यातल्या ज्या जोरात पळतात, त्यांच्यात तारे जन्मतच नाहीत म्हटलं तरी चालेल. वायू आहे, सगळी सामग्री आहे, पण चूल थंड. सावकाश चालणाऱ्या मात्र भरल्या घरासारख्या. "मी दोन वर्षं कारण शोधत होते. समूहात दीर्घिकांच्या मधल्या जागेतही विरळ, तापलेला वायू असतो. त्याच्यातून इतक्या वेगात पळताना यांचं सगळं बळ वाटेत निघून जात असणार. रात्री घुमटात उभी असताना मला यांच्याबद्दल इतकं वाईट वाटायचं, नीलिमा! वेडेपणा आहे, पण वाटायचं. पळून पळून दमल्यात गं बिचाऱ्या." नीलिमाने तव्यावरची पोळी उलटली. मग म्हणाली, "मला पटलं हे." ती रोज सकाळी डबे भरून, सासऱ्यांचं चहापाणी करून, शाळेच्या पहिल्या तासाला धावत पोचायची. श्रीपादने मान खाली घातली. त्याच्या एका वजाच्या चिन्हातून या दोन बायकांनी किती खरं दुःख काढलं होतं. हे तो आता मोडणार होता, किंवा मोडणार नव्हता, आणि दोन्हींत त्याचं तोंड काळं होतं. "श्रीखंड घे ना," तो म्हणाला. मृदुला म्हणाली, "तू मला मारतोस की काय!" आणि खळखळून हसली. नीलिमा हसली नाही. ती श्रीपादकडे पाहत होती. तो कधी कुणाला इतका आग्रह करत नसे, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

जेवणानंतर सांगू, त्याने ठरवलं. जेवणानंतर वडील बाहेर येऊन बसले आणि त्यांनी मृदुलाला सांगायला सुरुवात केली, की श्रीपादने माझ्यासाठी आभाळ सोडलं. मृदुला म्हणाली, "ठाऊक आहे, काका. त्याच्याइतकं कुणी केलं नसतं." श्रीपाद उठून बाल्कनीत गेला. समोर प्राधिकरणातले आखलेले मोकळे प्लॉट होते, त्यांत वाळलेलं गवत होतं, लांब कुणीतरी पायाचा चर खणत होतं. आपल्याबद्दल या घरात जे जे चांगलं बोललं जातं ते सगळं आपण कधीतरी खोटं बोललो म्हणून बोललं जातं, असं त्याला वाटलं. आणि तरी ते ऐकायला बरंच वाटतं, अजून वाटतं. आत मृदुला निघायची तयारी करत होती. सरांकडे प्रबंधाच्या प्रती बांधून आल्या होत्या, रात्री एकदा शेवटची नजर टाकायची होती. नीलिमाने तिची ओटी भरली. दार लावताना ती श्रीपादला हळूच म्हणाली, "काय असेल ते बोलून टाका. मग घरी या."

निगडीच्या नाक्यापर्यंत दोघं चालत गेले. मृदुला बोलत होती, तो हूं हूं करत होता. सुट्टीमुळे रस्त्याला एरवीची कंपन्यांच्या बसची वर्दळ नव्हती. मुंबईकडून येणारे ट्रक तेवढे जात होते. थांब्यावर कुणी नव्हतं. लांब बस दिसली तेव्हा मृदुलाने पदर खोचला, आणि श्रीपादच्या तोंडून एकदम निघालं, "मृदुला, त्या दमलेल्या नाहीत." "कोण?" "तुझ्या बाया. अलाउन्स मी उलटा धरला. अधिकच्या जागी वजा केला. भट्टीसाठी करतो तसा." ती त्याच्याकडे पाहत राहिली. बस आली, थांबली, कंडक्टरने घंटी मारली, बस गेली. मृदुला थांब्याजवळच्या ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसली. तिने एक शब्दही रागाचा काढला नाही. तिने विचारलं, "किती वजा?" त्याने सांगितलं. "आणि एका अंशाला किती सरकते?" तेही सांगितलं. तिचे ओठ हलू लागले. आकडे करताना तिचे ओठ असेच हलत, घुमटातही हलत. त्याला ती लोकरी टोपी आठवली. मग ओठ थांबले. "सगळं त्याच्यातच जातं," ती म्हणाली. "अख्खा उतार, वेगाबरोबर तारे घटत जायचा. माझा एकही शोध उरत नाही." पुढे ती जे म्हणाली त्याची त्याने कल्पनाही केली नव्हती. तिने तोंडावर हात ठेवला, डोळे भरून आले, आणि हाताआडून ती म्हणाली, "म्हणजे तिथे तारे होतायत. श्रीपाद, होतायत रे. मी उगाच..." ती हसत होती की रडत होती ते त्याला कळेना. आपले दोन हिवाळे बुडाले हे कळल्यानंतर पहिली गोष्ट तिला या दीर्घिकांसाठी आनंद झाला होता. श्रीपाद मोरीशेजारी उभा राहून तिच्याकडे पाहत होता. चूक कळल्यावर पहिली गोष्ट माणसाला काय वाटतं हे त्याने सोमवारी पाहिलं होतं, आणि आता पुन्हा पाहत होता.

तिने डोळे पुसले. "बरं झालं आज सांगितलंस. उद्या प्रबंध गेला असता तर माघारी घेता आला नसता. आत्ता लक्षात आलं का, जेवताना? मी पळण्याबद्दल बोलले तेव्हा?" प्रश्न सरळ होता. हो म्हटलं असतं तर झालं असतं. ती त्याच्या बाजूने उत्तरही देऊन बसली होती. असंच वडिलांचं ब्लडप्रेशर त्याला एकदा आयतं हाताशी सापडलं होतं. "सोमवारी," तो म्हणाला. मृदुलाची मान हळूच वर झाली. "सोमवारी सकाळी. मी फोन केला नाही." "का?" ट्रक गेला, धूळ उडाली, खाली बसली. तिच्यापुढे ठेवायला लाज, भीती, उद्धवराव, समोरासमोर सांगायचं होतं, ही सगळी कारणं तयार होती, आणि ती थोडी थोडी खरीही होती. "मला बरं वाटलं," श्रीपाद म्हणाला. "तुझं चुकलं हे कळल्यावर. भीती नंतर वाटली. आधी बरं वाटलं. आणि त्यानंतर तुला तोंड दाखवायचं धैर्य झालं नाही." त्याला वाटलं आता ती काहीतरी बोलेल. शिवी देईल, मारेल, निदान उठून जाईल. त्याला ते हवं होतं. शिक्षा झाली की काटा वळल्यासारखं होतं, थर पुरा होतो. मृदुलाने त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं फार लांबलं नाही. मग तिने पिशवीतून एक कोरा कागद आणि पेन काढलं आणि म्हणाली, "काचेची सगळी मापं तुला पाठ आहेत?" "आहेत." "मग चल माझ्याबरोबर. सरांना काचेचं तुलाच सांगावं लागेल, मला नीट सांगता येणार नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "बाकीचं सांगायची गरज नाही. कुणालाच."

पुढची बस जवळपास रिकामी होती. ती खिडकीशी बसली, तो तिच्या शेजारी. तिने मांडीवरच्या पिशवीवर कागद पसरला आणि एकेका दीर्घिकेचा वेग सांगू लागली. त्या वेगाला खिडकीतून किती उजेड आत आला असेल ते तो सांगे, आणि ती जुन्या आकड्याला त्याने भागे. आकुर्डी गेली, चिंचवड गेलं. "निम्मा," तो म्हणे. ती भागे. "तिसरा हिस्सा." ती भागे. भागाकार वाढत जाई तशी एकेक दमलेली बाई उठून उभी राहत होती, आणि प्रत्येक वेळी मृदुलाचा आवाज थोडा उजळे. "ही पण," ती पुटपुटे. "ही तर सगळ्यांत जास्त!" पण ती हे कागदाला सांगत होती. पूर्वी घुमटात काही सापडलं की ती आधी मागे वळून त्याला शोधायची, कोपराने ढोसायची. आता बस वळणावर कलंडली तेव्हा तिने पुढच्या सीटचा दांडा धरला, खांदा लागू नये इतकी सावरून बसली. श्रीपाद आकडे बिनचूक सांगत होता. इतके बिनचूक आकडे त्याने जन्मात कुणाला सांगितले नव्हते, आणि ते चांगुलपणा म्हणून कुठेही जमा होणार नव्हते. पिंपरीला कंडक्टर जवळ आला. मृदुलाने पेन दातांत धरलं, पर्समधून सुटे काढले, आणि मग पेन हातात घेऊन त्याला सांगितलं, "एक शिवाजीनगर."

कंडक्टरने तिकीट फाडून तिच्या हातात दिलं आणि श्रीपादकडे पाहिलं. "तुमचं काय, साहेब? बरोबर ना तुम्ही?"

श्रीपाद खिसा चाचपू लागला. मृदुला कागदावरून वर न बघता म्हणाली, "हं, पुढची."